चिमूटभर पांढरी पूड

६ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा! बसमध्ये पायांना मुंग्या आल्या, केसांत धूळ भरली, तरी उतरताना शीळ घालत होतो. कॉलेज सोडलं म्हणून बाबांनी बोलणं टाकलंय आणि आई फोनवर नुसती मुसमुसते. असू दे. माझ्या वर्गातली ती जिथे आहे तिथे मी आहे, बस्स.

तिच्या वडिलांचं पाठीचं दुखणं वाढलं म्हणून तिने शिक्षण अर्धवट सोडलं आणि इथे पोल्ट्रीवर परतली. वडील इथले मॅनेजर. ती गेल्यावर मला वर्गात बसवेना. एका सरांशी भांडण उकरून काढलं, दार आपटलं आणि निघालो तो थेट इथेच. मला पाहून ती ट्रेमध्ये अंडी लावता लावता थांबली. डोकं फिरलंय का तुझं, म्हणाली. पण म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत होती. मी पाहिलं ना!

मॅनेजरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, पदवी अर्धी टाकणारा माणूस झाडू तरी पूर्ण मारेल ना? लगेच सगळे मला 'अर्धवट' म्हणू लागले. रागाने कान तापले. पण सासरेबुवा होणार आहेत, म्हणून गिळलं.

९ फेब्रुवारी

लांबच लांब शेड, पत्र्याचं छप्पर, जाळीच्या भिंती, आणि आत नजर पोचेल तिथपर्यंत पांढऱ्या कोंबड्या. वासाने डोळे चुरचुरतात. सकाळचं पहिलं काम माझं. शिडी लावून पाण्याच्या टाकीवर चढायचं, पोत्यातली औषधाची पांढरी पूड मापाने ओतायची आणि काठीने ढवळायचं. तेच पाणी नळ्यांमधून प्रत्येक चोचीपर्यंत जातं.

मी विचारलं, आजारी कोण आहे? शेड धुणाऱ्या काकू पोट धरून हसल्या. अरे अर्धवटा, आजारी पडू नयेत म्हणून तर द्यायचं, शिवाय वजनही झटपट भरतं, म्हणाल्या.

दुपारी माझी दाढ ठणकली, तर त्यांनी चहात तीच पूड चिमूटभर टाकून दिली. इथे सगळेच घेतात. सर्दी होवो, फोड येवो, पोट बिघडो, पोत्यात हात घालायचा. मॅनेजर कौतुकाने सांगत होते की लेकीला लहानपणापासून ही चिमूट दिली, कधी दवाखाना बघावा लागला नाही. बाबा, पुरे आता, म्हणत ती लाजली. माझी दाढ त्या क्षणी ठणकायची थांबली. पुडीने की तिच्या लाजण्याने, देव जाणे.

१७ फेब्रुवारी

शेवटच्या शेडमध्ये मर लागली आहे. सकाळी जातो तेव्हा पक्षी कडेला माना टाकून पडलेले असतात. मॅनेजरांनी मालकांना फोन केला. मालक शहरात राहतात, इथे कधी फिरकत नाहीत. माप दुप्पट करा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी दुप्पट ओतलं. मर थांबली नाही.

तिच्याशी भांडलो. परत जा, परीक्षा दे, म्हणते. इथे कोंबड्या सांभाळून जीव मेटाकुटीला आलाय, त्यात हा एक कोंबडा कशाला, असं काकूंच्या देखत म्हणाली. काकू हसून हसून बादलीवर बसल्या. दिवसभर मी फुगून होतो. संध्याकाळी ती चहाचा कप माझ्यापुढे ठेवून गेली. साखर जास्त घातली होती, मला आवडते तशी.

२२ फेब्रुवारी

ती मरायला टेकलेली एक कोंबडी उचलत होती, कोंबडीचं नख तिच्या मनगटात रुतलं. बारीकशी रेघ. दवाखान्यात चल म्हटलं तर मलाच हसली. चिमूट घेतली, जखमेवरही थोडी पूड भुरभुरली आणि हात माझ्यापुढे धरला. पट्टी मी बांधली. तिचा हात पहिल्यांदाच माझ्या हातात होता, मुद्दाम हळूहळू बांधली. दिवसभर हवेत होतो.

२५ फेब्रुवारी

हात कोपरापर्यंत सुजलाय. लाल, चकचकीत, नुसती फुंकर लागली तरी कळवळते. अंगात ताप. तरी अंडी भरत होती. मॅनेजर म्हणाले, चिमूट वाढवली आहे, उतरेल. माझा आवाज चढला. त्यांनी विचारलं, आमच्या घरच्या गोष्टीत बोलणारा तू कोण?

खरंच, कोण?

दुपारी ती ट्रेवरच कोसळली. अंड्यांच्या टेम्पोत घालून तिला शहरातल्या हॉस्पिटलमध्ये आणलं. सगळीकडे पिवळं लडबडलेलं. वाटेत ती म्हणत होती, ट्रे फुटले, मालक ओरडतील.

२७ फेब्रुवारी

ताप हटत नाही. इंजेक्शन बदललं. पुन्हा बदललं. मी डॉक्टरांच्या टेबलावर मूठ आपटली. त्यांनी मान वर करून शांतपणे सांगितलं, ओरडून ताप उतरत असता तर मीसुद्धा ओरडलो असतो.

कुणाशी तरी भांडायचं आहे मला. समोर कुणी येतच नाही.

१ मार्च

लॅबमधल्या ताईंनी काचेची बशी दाखवली. तिच्या जखमेतले जंतू त्यात वाढवले आहेत. वर छोट्या गोल चकत्या, प्रत्येकीत वेगळं औषध. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ कडं दिसतं, म्हणाल्या.

एकाही चकतीभोवती कडं नव्हतं. पांढुरकी साय प्रत्येक चकतीला खेटून. जणू तिथे काही ठेवलेलंच नाही.

ताईंनी विचारलं, पेशंट कुठे काम करते? मी पुडीचं सगळं सांगितलं. रोजची पूड, वर्षानुवर्षं. त्या म्हणाल्या, रोज थोडं थोडं औषध मिळालं की जंतू त्याला सरावतात. मरायचे ते मरतात, उरतात ते असे.

मग त्यांनी बशीवर झाकण ठेवलं. फार जपून.

२ मार्च

शेडवर गेलो. दगडाने टाकीचा नळ फोडला. पाणी वाहून गेलं. मॅनेजर पायरीवर बसून बघत होते. अडवलं नाही. शिवी नाही. त्यांनी भांडावं म्हणून मीच ओरडत राहिलो.

तहानेने सगळं शेड किंचाळू लागलं. शेवटी काकूंनी नळाला चिंध्या कोंबल्या, टाकी भरली. रडत होत्या. रडता रडताच पूड ओतली. तिप्पट. मर वाढलीय, मग दुसरं काय करायचं, म्हणाल्या.



३ मार्च

एक औषध उरलंय. जुनं आहे, मूत्रपिंडांना झेपत नाही, म्हणून अगदी शेवटी वापरायचं राखून ठेवलेलं, असं डॉक्टर म्हणाले. बशीत त्याची चकती नव्हती. मोठ्या शहरातून आणायला हवं. मीच गेलो. मॅनेजरांची मोटरसायकल नुसती पिटाळली. खोकं छातीशी धरून आणलं. पहिल्यांदाच वाटलं, माझ्या हातून काहीतरी —

जिन्यात खोक्यावरचं नाव वाचलं.

हे नाव मी रोज सकाळी वाचतो. पोत्यावर.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी खोक्यावरचं नाव पुन्हा वाचलं. मग बाटलीला सुई लावली. दुसरं नाहीच, म्हणाले.

४ मार्च, सकाळ

काचेतून दिसते. डोळे उघडे, ओळख नाही. मनगटावर नवी पट्टी. कुणी बांधली — घट्ट वाटते — तिला घट्ट आवडत नाही, सांगायला हवं.

मॅनेजर माझ्याशेजारी बसलेत. माझा हात धरून. मी कोण, हे आता विचारत नाहीत.

माझ्या बोटालाही एक चीर आहे. दाखवली नाही. काय दाखवायचं. काय देतील.

दुपार

आत गडबड. दोन नर्स पळत गेल्या. डॉक्टर गेले. मॅनेजर उभे राहिले, पाठ धरून बसले, पुन्हा उभे —

पळताहेत म्हणजे ती आहे. पळू देत. दिवसभर पळू देत —

थांबले.

एक नर्स बाहेर येते आहे. चालत. घाई नाही तिला. हातमोजे काढते आहे, आमच्याकडे बघत नाही, मॅनेजर विचारताहेत, काय झालं ताई, ती अजून