यंदा राखी बांधणार नाही

माय, गेल्या रविवारी मी पंचवीस-तीस बायकांसमोर एका पुस्तकावर बोलले आणि घरी येऊन गवार निवडत बसले. पुस्तक म्हणजे एका बाईचं आत्मकथन. तरुणपणी ओळखीतल्याच माणसाने तिच्यावर जबरदस्ती केली आणि त्यानंतर ती कशी जगली, हे तिने स्वतःच्या नावानिशी, फोटोसकट लिहिलं आहे. शहाद्याला वाचनालयात आम्हा बायकांचं वाचक मंडळ आहे. दर महिन्याला एक पुस्तक, एकीने त्यावर बोलायचं, मग चहा. मी हायस्कूलची बाई, बोलायला कचरत नाही, म्हणून अवघड पुस्तकं हमखास माझ्या गळ्यात पडतात. रुमाल जवळ ठेवून वाचा, असं अध्यक्षबाईंनी बजावलं होतं. रुमाल लागला नाही. माझ्या हातात पेन्सिल होती आणि मी छपाईच्या चुका काढत गेले. पुस्तक संपलं तेव्हा चुकांची यादी दोन पानं भरली होती. मला काही वाटलंच नाही, आणि हे मी तुला कौतुकाने सांगत नाही.

मी वीस मिनिटं बोलले. भाषा साधी आहे म्हटलं, मधली प्रकरणं लांबली आहेत म्हटलं, अशी पुस्तकं मुलींच्या हाती पडली पाहिजेत म्हटलं. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. नवापूरकडची आहे, तहसील कचेरीत नुकतीच लागली आहे, मंडळात सगळ्यांत लहान. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तिच्या आईबद्दल काहीच बोलला नाहीत." खरंच बोलले नव्हते. पुस्तकातल्या आईनेही आधी सगळं दडपलं होतं. पण पुढे सत्तरी ओलांडल्यावर ती म्हातारी एक दिवस पिशवी घेऊन लेकीच्या दारात येते आणि चप्पलही न काढता म्हणते, माझं चुकलं. त्या प्रकरणात मी एकही चूक काढलेली नाही, हे मला त्या मुलीने विचारल्यावर समजलं. मी म्हटलं, "आई तेवढी जगली, म्हणून तिला ते पान लिहिता आलं." मुलगी खाली बसली. माझं उत्तर तिला पटलं की उद्धट वाटलं, कोण जाणे. तू बावन्नाव्या वर्षी गेलीस. तुला जाऊन बावीस वर्षं होतील.

तुझ्याशी या विषयावर मी कधी बोलले नाही आणि तूही माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून एकदा सरळ लिहून टाकते. मी एकोणीस वर्षांची होते, एसटीने ब्राह्मणपुरीहून शहाद्याला कॉलेजात जायचे. माघ महिना होता. भाव चढेल म्हणून बाबांनी कापूस विकला नव्हता आणि पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती. बाबांच्या मित्राचा मुलगा तेव्हा केळीचा बाग बघायला आपल्याकडे राहत होता. तापीवरून आणलेली पाइपलाइन दोन्ही घरांची एकच होती, त्यामुळे तो परका नव्हता, तुझ्या हातचं जेवायचा. तू चुलतीबरोबर शेतात गेली होतीस. कापसाच्या खोलीत त्याने जे केलं ते मी इथे लिहिणार नाही, पुस्तकातल्या बाईने लिहिलं, तिची हिंमत मोठी. तू आलीस तेव्हा मी मोरीजवळ बसले होते. तू माझ्याकडे पाहिलंस, टोपली खाली ठेवलीस आणि माझ्या केसांतला कापूस वेचायला लागलीस. एकेक तूस काढून पदरात ठेवत होतीस. तेवढ्यात चुलती आत आली आणि माझ्या दंडावरचे वळ तिला दिसले. तू मान वर न करता म्हणालीस, "पोरले कापूसनी खाज उठनी शे." घरात कापूस भरला की सगळ्यांच्याच अंगाला खाज सुटते, त्यामुळे चुलतीला ते खरं वाटलं. तिने खोबरेल आणून दिलं.

बाबांना तू सांगितलं नाहीस. त्याला हाकललंही नाहीस, हाकललं असतंस तर कारण द्यावं लागलं असतं. एवढं मला तेव्हाही कळत होतं. तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिने उन्हाळ्यातच मला उजवून टाकलं असतं. तू तसं केलं नाहीस, माझं कॉलेज चालू ठेवलंस, पुढे बी.एड.लाही पाठवलंस. हे मी विसरलेले नाही. पण श्रावणात तू जे केलंस ते तुलाच सुचू शकतं. राखीपौर्णिमेला सकाळीच तू पाट मांडलास, त्याला बोलावून बसवलंस आणि ताट माझ्या हातात दिलंस. मी जागची हलेना, तेव्हा तू कानाशी येऊन म्हणालीस, "बांध. आते तो तुन्हा भाऊ शे. भाऊ कधी असं करस का?" मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, राखी बांधली, ओवाळलं. त्याने मान वर केली नाही. बाबा ओट्यावरून बघत होते, खूश होते, दोन घरं आणखी जवळ आली म्हणत होते. त्याने मला ब्लाउजपीस दिला. तू तो घडी करून माझ्याच पेटीत ठेवलास.

तुझा उपाय लागू पडला, हे मान्य करते. त्याने पुन्हा मला बोटही लावलं नाही. माझ्या लग्नात मांडव त्याने उभा केला, पाठवणीच्या वेळी रडलाही. पण दोऱ्याने त्याचे हात बांधले गेले असं तुला वाटत होतं ना, तिथे तुझी चूक झाली. त्याला मोकळं करून तू मला बांधलंस. भावाविरुद्ध कोण तोंड उघडणार? दरवर्षी श्रावण आला की मी मिठाईचा बॉक्स घेऊन त्याच्या दारात. तू होतीस तोवर तुझ्यासाठी गेले, तू गेल्यावर सवयीने. त्याची मुलं मला आत्या म्हणतात. एकतीस वर्षांत एकही खाडा नाही. राखी बांधताना मला काय वाटायचं ते आठवायचा प्रयत्न केला, तर फक्त त्याच्या मनगटावरचं घड्याळ आठवतं, ते मधे यायचं.

काल दुपारी शाळेतून आले आणि त्याच्या बायकोचा फोन आला. दिवाळीपासून त्याला अर्धांगवायू झाला आहे. वहिनी म्हणाल्या, "ताई, यंदा लवकर ये. त्यासले बोलता येस नही, पन तुन्हं नाव काढं का हात पुढे करतस." मी गॅसजवळ उभी होते, दूध तापत होतं. मी म्हटलं, "वहिनी, यंदा मी येणार नही." त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. मग वाटलं शाळेला सुट्टी नाही. मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग काबरं?" मी म्हटलं, "मन्ही इच्छा नही." त्या म्हणाल्या, "आनी पुढला वरीस?" मी म्हटलं, "पुढला वरीसबी नही." मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "त्यासनी काही करेल शे का?" माय, एकतीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला, आणि तोही त्याच्या बायकोने. मी म्हटलं, "हो." त्यांनी फोन ठेवला. मी दूध उतरवलं, चहा केला, वह्या तपासल्या. मोकळं वाटलं नाही, नुसतं एक काम उरकल्यासारखं वाटलं.

आता तू म्हणशील, एवढं होतं तर इतकी वर्षं गप्प का बसलीस? तू लावलेली सवय, तुझा शब्द, बाबांचा मान, ही सगळी कारणं मी स्वतःला देत आले आणि ती खोटी नाहीत. पण त्यांच्या खाली आणखी एक आहे आणि ते मी त्या सभेत, वहिनींना किंवा घरात नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी तू मला न्हाऊ घातलंस, केस पुसलेस आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिलीस. मला भूक लागली. साधी नाही, सपाटून. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि कळण्याच्या भाकरी आणि भरीत खायला लागले. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी घेतली तेव्हा तू दारात आलीस. माझ्याकडे बघून तुझा चेहरा सैल झाला. तू देवाकडे बघून पुटपुटलीस, "जेवनी माय मन्ही पोर." तुझ्या हिशेबी जेवली म्हणजे सावरली. आणि मीही तुझ्या तोंडाकडे बघून तेच खरं धरलं. जिच्यावर खरंच काही गुदरलं ती तीन भाकरी खाईल का, असं मी पुढे दरवर्षी त्याच्या दारात चप्पल काढताना स्वतःला विचारत आले, आणि आत जात आले. पुस्तकातल्या बाईने सगळं लिहिलं, पण त्या दिवशी ती जेवली की नाही, ते लिहिलेलं नाही. मी दोनदा शोधलं. हा कागद तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. मी जेवले, माय, आणि भरीत मला गोड लागलं होतं.