कोपऱ्यातलं पिंप

ता. ३ मार्च

चि. चिमणीस दादाचे पोटभर आशीर्वाद.

कालच्या सहलीने अंग आंबून गेलंय, पण मान ताठ आहे. एका दिवसात वाइनची तीन तळघरं, मधे द्राक्षांच्या वेलींत बसून चीज आणि दगडासारखा पाव. माझा साठीचा वाढदिवस असा साजरा करायचं तुझ्या यजमानांना सुचलं, मी त्यांना उगाच अरसिक समजत होतो.

पहिल्या ठिकाणी मी भुरका मारला तेव्हा तू टेबलाखाली चिमटा काढलास. अगं, चहाच्या कंपनीत चाळीस वर्षं रोज दोनशे कप असेच चाखले आणि थुंकले. मोठा भुरका मारल्याशिवाय चव टाळूला चढत नाही. दुसऱ्या तळघरात बघितलंस ना, आपली अख्खी व्हॅन माझं बघून भुरके मारत होती!

तिसऱ्या ठिकाणच्या मालकीणबाई मात्र आतल्या गाठीच्या. कोपऱ्यातल्या पिंपातली वाइन मी आपणहून चाखली आणि दिवसभरातली सर्वांत उत्तम म्हणून जाहीर केली, तर बाईंचा चेहराच पडला. ते पिंप ओतून द्यायचंय म्हणे! चांगला माल घरच्यांसाठी दडवायचा डाव, दुसरं काय. तुझ्या यजमानांनी हट्टाने सहा बाटल्या भरून घेतल्या हे छान केलं. त्या बाटल्या जपून वापरा.

आणि हो, घरी आलो तर शेजारच्या मास्तरीणबाई माझ्या घराच्या सगळ्या खिडक्या उघडून बसलेल्या. सकाळपासून गॅसचा वास येत होता म्हणे. मला तर काही आला नाही. बाईंना राईचा पर्वत करायची सवयच आहे.

तुझा,
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास चिमणीचा सा. न.

परवा ह्यांचे साहेब जेवायला आले होते. खास दादांची निवड, असं सांगत ह्यांनी बाटली उघडली. ओल्या गोणपाटात उंदीर मरून पडावा असा वास घरभर पसरला. साहेबांनी एक घोट घेतला आणि उरलेला हळूच कुंडीत ओतला. कुंडीने मान टाकलीय. हे मात्र ऐकायला तयार नाहीत. आपल्याला कळत नाही, दादांना कळतं, असं म्हणून रोज जेवताना नाक दाबून अर्धा ग्लास पितात.

दादा, मला एक सांग. दुसऱ्या तळघरात तुला वाइनचा वास विचारला, तेव्हा तू मान तिरकी करून भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं वाचलंस. दिवाणखान्यात बसून स्वयंपाकघरातलं मीठ ओळखणारा तू, मागच्या खेपेला माझी करपलेली भाजी मागून मागून खाल्लीस. तुझं नाक गेलंय ना?

मास्तरीणबाईंना मी फोन केला. शेगडीचं बटण अर्धं उघडं होतं. त्यांच्याकडे तुझी किल्ली नसती तर? चेष्टा पुरे, दादा. मला फार भीती वाटतेय. खरं लिही.

तुझी,
चिमणी

ता. १५ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

दोन वर्षं झाली. मला ताप आला होता ना, तो उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं, पुढचं सगळं अंदाजपंचे. नोकरीचे शेवटचे तीन महिने मी मदतनिसाच्या भुवया बघून चहा पास केला. एकही तक्रार आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सांगणार कुणाला? जन्मभर लोकांनी मला नाकावरून ओळखलं. तेच नाही म्हटल्यावर मी एक म्हातारा, बस्. आणि तुला म्हणून सांगतो. तुझ्या वहिनीची शाल कपाटात आहे. तिला अजून तिचा वास आहे की उडाला, तेही मला कळत नाही. रोज हुंगून परत ठेवतो.

यजमानांना यातलं अक्षर सांगू नकोस. त्यांच्यापुढे तेवढा मान राहू दे.

दादा

ता. २० मार्च

ती. दादास सा. न.

मी एक अक्षर सांगितलं नाही. फक्त उरलेल्या बाटल्या मोरीत ओतायला निघाले, तर हे आडवे आले. दोनच राहिल्यात, दादा आले की त्यांच्यासमोर संपवू, म्हणजे त्यांना बरं वाटेल, असं म्हणाले. मग मी खोदून खोदून विचारलं. ह्यांना त्या पिंपापाशीच समजलं होतं रे. मालकीणबाई सगळ्या व्हॅनसमोर काहीतरी बोलून बसतील म्हणून ह्यांनी घाईघाईने बाटल्या पुढे केल्या. नाक दाबून पितात ते तुझ्यासाठी. अरसिक म्हणालास ना? आता भोग.

शनिवारी आम्ही दोघं व्हॅन घेऊन येतोय. मागची खोली रिकामी केली आहे. तुला विचारत नाहीये, कळवतेय. गॅसपाशी मी असेन, तू खुशाल भुरके मार.

सामान आम्ही बांधू. शाल तेवढी वर ठेव. ती आधी मी हुंगणार आहे, आणि वास असला तर आहे म्हणेन, नसला तर नाही म्हणेन. तुझ्याशी खोटं बोलायचं काम ह्यांच्याकडे आहे.

माया आहे तशीच ठेव, चिमटे मी काढीनच.

तुझी,
चिमणी