मरळीला हवा लागते

बेलापूर, ता. श्रीरामपूर
६ मार्च २०२५

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्रास कारण की, परवा मोबाईलवर तू बराच वेळ बोलत होतीस. तुझे ओठ हलताना दिसत होते, मी मान डोलावत होतो, कळलं मात्र काहीच नाही. साखर कारखान्यात मिलशेजारी जन्म काढला, कान तिथेच राहिले. तेव्हा जे सांगायचं ते कागदावर सांगत जा.

बातमी अशी, की घरात पाहुणी आली आहे. पाटाचं पाणी बंद झालं आणि रस्त्याच्या मोरीखालचं डबकं आटलं. बाकीचे मासे बगळ्यांनी कधीच नेले. एक मरळ तेवढी चिखलात रुतून बसलेली, चांगली हातभर आणि जिवंत! बादलीत घालून आणली, अंगणातल्या हौदात सोडली. मधूनमधून वर येते, घोटभर हवा घेते आणि खाली जाते. मी काठाशी खुर्ची टाकून बघत बसतो. तुझी आई गेल्यापासून या घरात मी सोडून दुसरं कुणी श्वास घेतच नव्हतं.

शेजारचा भिमाजी रोज डोकावतो आणि कानाशी ओरडून विचारतो, की रस्सा कधी हाय. त्याला सांगितलं, आमची वृषाली माशांची डॉक्टर आहे, तिला विचारल्याशिवाय काही होणार नाही. तर आता सांग, बिनपाण्याची ही जगली कशी? आणि काल उडी मारून अंगणात पडली होती, मांजर टपलेलंच असतं, त्यावर काय उपाय?

वेळेवर जेवत जा. उत्तराकडे डोळे लागले आहेत.

तुझा,
बाबा

रत्नागिरी
१७ मार्च २०२५

ती. बाबांस, सप्रेम जयभीम. वि. वि.

मला डॉक्टर केल्याबद्दल आभारी आहे. इथे प्रयोगशाळेत मी काचेच्या टाक्या धुते आणि कोळंबीची पिल्लं मोजते, हे भिमाजीकाकांना सांगू नका.

मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा धरून ठेवणारी पोकळी असते. डबकं तापलं, नासलं तरी ती वरची हवा घेऊन तगते. अंग ओलं राहील एवढा चिखल तिला पुरतो. आमच्या खाडीत निवट्या म्हणून छोट्या मासळ्या आहेत, त्या ओहोटीला पाण्याबाहेर खुशाल उड्या मारत हिंडतात. खडकावरची कालवं भरती येईपर्यंत थोडं पाणी शिंपल्यात कोंडून, तोंड मिटून बसून राहतात. संध्याकाळी मी ते बघत उभी असते. ज्याने त्याने आपापली सोय लावलेली असते.

उड्या मारते म्हणून हौदावर जाळी ताणून बांधा.

आता माझं ऐका. मे महिन्यात मी तुम्हाला कायमचं न्यायला येतेय. एक खोली रिकामीच आहे, दवाखाना समोर आहे, जेवणाचा डबा येतो, तुम्हाला काडी इकडची तिकडे करावी लागणार नाही. तिथे चक्कर येऊन पडलात तर बघणार कोण? दोन वर्षं टाळताय, या वेळी नाही म्हणू नका.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

तुमची,
वृषाली

बेलापूर
९ एप्रिल २०२५

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

उत्तराला उशीर झाला. डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला गेलो होतो. तुला कळवलं असतं तर तू धावत आली असतीस, म्हणून कळवलं नाही. रागावू नकोस, आता चांगलं दिसतंय.

मरळ मेली. तू सांगितलीस तशी जाळी बांधली होती, काठाच्या जरा खाली. भिमाजीला म्हटलं होतं, माझ्यामागे हौदाकडे लक्ष दे. तेवढ्यात पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलं. मरळीला पाणी कमी पडू नये म्हणून त्या भल्या माणसाने मोटर लावून हौद काठोकाठ भरला. जाळी पाण्याखाली गेली, तिला वर येता येईना. मी परतलो तेव्हा जाळीला तोंड लावून पडली होती. पाण्यात बुडून मासा मेलेला मी या वयात पाहिला.

भिमाजी विचारून गेला, की मरळ कुठं दिसत न्हाई ती. मांजराने नेली म्हणून सांगितलं. त्याने मायेनं पाणी भरलं, त्याला काय म्हणायचं? खुर्ची आत आणून ठेवली आहे.

रत्नागिरीचं म्हणशील तर नाही. तू कशाला कमी पडू देणार नाहीस, मला त्याचंच भ्या वाटतं. इथे सकाळी विहारात झाडलोट करतो, स्टँडवर पेपर वाचतो. ऐकू येत नसलं तरी चार माणसं बघून हात वर करतात. तिथे मी नुसता सांभाळायचा म्हातारा होईन.

तुझा,
बाबा

रत्नागिरी
२१ एप्रिल २०२५

ती. बाबांस, सप्रेम जयभीम. वि. वि.

ऑपरेशन लपवलंत म्हणून भांडणार होते, पण पुढचं वाचून भांडण राहून गेलं. जाळी पाण्यापासून वर बांधा, हे मीच लिहायला हवं होतं. भिमाजीकाकांचा काही दोष नाही.

तुम्ही येऊ नका. मी पुन्हा आग्रह करणार नाही. फक्त एक खरं सांगते, दवाखाना आणि चक्कर ही सगळी सबब होती. इथे रोज कुलूप मीच लावते आणि मीच काढते. रविवार तर एक शब्द न बोलता जातो. तुम्हाला ऐकू येत नाही हे ठाऊक असून मी मोबाईलवर बोलत राहते, कारण दुसऱ्या कुणाशी बोलू? तुमची काळजी घ्यायला बोलावत नव्हते, बाबा. मला तुम्ही हवे होता.

तब्येतीला जपा. माया असू द्या.

तुमची,
वृषाली

बेलापूर
२९ एप्रिल २०२५

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

वेडे, हे आधी लिहायचंस. मला सांभाळायला नेते आहेस असं वाटलं म्हणून पाय रोवून बसलो. लेकीला घरात माणूस हवंय म्हटल्यावर कोण बाप बसून राहील?

भिमाजीकडे किल्ली दिली. तो म्हणाला, की पोरीकडं जायला इतका इचार करत्यात व्हय. १० मेच्या शनिवारी पुण्याच्या गाडीत बसतो, तिथून रत्नागिरीची धरीन. दिवाळीपर्यंत राहीन, मग माझ्या घरी येईन आणि कंटाळलो की पुन्हा तुझ्याकडे. बाजरीचं पीठ आणतोय. डब्यावाल्याला नाही म्हणून सांग, भाकरी मी करणार.

स्टँडवर तेवढी ये. दुसऱ्या दिवसापासून तू कामावरून आलीस, की दार आतून उघडेल.

तुझा,
बाबा