दुसऱ्यांच्या दारची रोषणाई

१७ ऑक्टोबर, वसुबारस

व्हय, जाणार म्हंजे जाणार. आन एकटीच जाणार. कोण आडवं येतंय ते बघते.

हे मी केसरबाईला भिंतीवरनं सांगितलं. केसरबाई माझी थोरली जाऊ. तिच्या न्हाणीची आन माझ्या परसाची भिंत एकच, मी शिंकले तरी तिकडनं सुंठ येती. तिनं इचारलं व्हतं, मंजुळे, मालक आखाडात गेले, अजून वरीस सरलं न्हाई, आन तू रोषणाई बघत हिंडणार?

म्हणलं, दुखवट्याच्या वर्सात आपल्या दाराला कंदील लावायचा न्हाई, रांगोळी काढायची न्हाई, कढई चढवायची न्हाई. समदं मान्य. पर दुसऱ्याच्या कंदिलाकडं बघायचं न्हाई, असं कुणी सांगितलंय? मग म्हणाली, लोक काय म्हणतील. म्हणलं, लोकांनीच तर लायटिंग केलीया. बघायला कुणी आलं तर त्यास्नी बरंच वाटंल.

खरं कारण येगळं हाय. माझ्या लेकाला, जयदीपला, मला त्याच्या रावेतच्या फ्लॅटवर न्यायचंय. आन हे घर कंपनीच्या पोरांना रूमा पाडून भाड्यानं द्यायचं. म्हणतो, आई, तुला एकटीला जमणार न्हाई. मला! सासूसंगं इतकी वर्सं काढली तिला! म्हणलं, अख्ख्या महाराष्ट्राची रोषणाई एकटी बघून येते, मग तोंड उघड.

शेवटी ठरलं. नाताळापर्यंत मी एकटीनं फिरायचं. एकदा जरी 'मला न्यायला ये' असा फोन केला, तर गपगुमान सामान बांधायचं. न्हाई केला, तर त्यानं फ्लॅटचं नाव काढायचं न्हाई.

त्यानं आत्ताच नाव विसरायला लागावं.

१८ ऑक्टोबर, धनतेरस

प्लॅन पक्का. लक्ष्मीपूजनाला पुणं. त्रिपुरी पुनवेला कोल्हापूरचा घाट. मग नाशिक. नाताळाला मुंबई. मदी सवड गावली तर नागपूर.

मागच्या खोलीत वर्षाली ऱ्हाती, लातूरकडची. नवरा समाधान चाकणला कंपनीत. तिनं मोबाईलात नकाशा कसा बघायचा ते शिकवलं. मावशी, हा निळा ठिपका म्हणजे तुमी बघा, म्हणाली. म्हणलं, येवढी बारीक मी लग्नातबी नव्हते. पोट धरून हसली.

जयदीपचे जुने स्पोर्ट शूज घालून बघितले. नऊवारीखाली बरे दिसतात. म्हंजे दिसतच न्हाईत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पुणं मुद्दाम रद्द केलं. गर्दी लई असती.

शेअर रिक्षावाल्यानं इचारलं, आजी, तळवडे का? तळवडे म्हंजे आमच्या शेजारचंच. सगळे माझ्याकडं बघत व्हते. मला म्हाईत न्हाई असं कसं म्हणायचं? म्हणलं, चला, तिकडंच तर चाललेय.

पर काय लायटिंग बघितली! काचेची उंच इमारत, खालपासनं वरपर्यंत पांढरी फेक. येक माळ तुटल्याली न्हाई, येक बल्ब मिचमिच करत न्हाई. समोर फुटपाथावर फतकल मारून बसले. वॉचमनला इचारलं, कुठल्या मंडळाची वो? तो म्हणाला, आजी, मंडळ न्हाई, आयटी कंपनी हाय. आत पोरं कामाला बसलीत. अमेरिकेला आज दिवाळी नसती. म्हणलं, तरीबी डेकोरेशन चांगलंय, सांगा त्यास्नी.

पुण्यात ह्यापरीस येगळं काय असणार?

परत यायला रिक्षा मिळंना. सूनबाईला, तेजस्विनीला, मिस कॉल दिला. मिस कॉल म्हंजे फोन न्हवं. त्यात 'न्यायला ये' हे शब्द कुणाच्या तोंडातनं गेले न्हाईत. ती आपल्या मनानं भात उतरवून स्कूटी घेऊन आली. म्हणाली, आई, मी ह्यांना काही बोलणार नाही. म्हणलं, बोलण्यासारखं हायच काय? वाटंत म्हणाली, आज आमच्याकडंच चला, आमचंबी दार यंदा अंधारातच हाय, निदान तिघं मिळून जेवू. न्हाई म्हणलं. शर्त म्हंजे शर्त.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पुनव

कोल्हापूर पुढच्या वर्सावर ढकललं. नदी काय, सगळीकडं नदीच असती. आमची इंद्रायणी काय कमी हाय? आळंदीला गेले. बसनं गेले, बसनं आले. कुणाला मिस कॉलसुदीक न्हाई. जयदीपनं हे ध्येनात घ्यावं.

घाटभर पणत्या. येका बाईनं माझ्या हातात द्रोण ठेवला, म्हणाली, सोडा आजी पाण्यात, पुण्य लागंल. म्हणलं, यंदा आमचं दुखवट्याचं वरीस, हात लावणार न्हाई. म्हणाली, मग आलाव कशाला? म्हणलं, तुमचं पुण्य नीट जातंय का बघायला. तिथनं उठले. धुरानं डोळ्यांना पाणी येत व्हतं.

लवकरच परत आले. घरात जायची घाई नव्हती, म्हणून वर्षालीच्या पायरीवर बसून तिची मेथी निवडून दिली. मग शेपू निवडला. मग तिनं लसूण आणून दिला. तो सोलून झाल्यावर म्हणाली, मावशी, आता घरात निवडायसारखं म्या आन समाधानच राहिलाव.

२३ नोव्हेंबर

आजचं लिवावं का न्हाई, इचार करतेय.

नाशिकला निघाले व्हते. मोशीच्या पुढं ट्रॅफिक तटलं, बस हलंना. खिडकीतनं बघते तर रस्त्याला लागून केवढी रोषणाई! कमान, कारंजं, झाडाच्या पानापानाला बल्ब, आत सिनेमासारखा पडदा. प्रदर्शनच व्हतं. म्हणलं, नाशिकनं तरी येगळं काय दाखवलं असतं? उतरले.

दारात अत्तर शिंपडलं, हातात गुलाब दिला. म्हणलं, किती आदर करत्यात बघायला येणाऱ्याचा! आत ताटं मांडलेली. येकानं इचारलं, मुलाकडच्या का मुलीकडच्या? म्हणलं, मला मुलगाच हाय. तर ह्या बाजूला बसा म्हणाला. जिलबी गरम व्हती. मठ्ठाबी बरा, आलं जरा कमी.

दुसरी जिलबी तोंडात, आन सगळी माझ्याकडं बघायला लागली. वर बघते तर त्या भिंतीयेवढ्या पडद्यावर मीच. तोंड हलतंय, हनुवटीवरनं पाक गळतोय. आन पडद्याच्या खाली पैल्या रांगेत, पैठणी नेसून, केसरबाई.

तिच्या माहेरच्या कुणाचं तरी लग्न व्हतं म्हणं. ती थेट माझ्या ताटापाशी आली. मंजुळे, दुखवट्याच्या वर्सात लग्नाच्या पंगतीला? मालकाची तरी लाज! म्हणलं, मालक तुझे दीर लागत व्हते. पैठणी तुलाबी बरी दिसतीया दुखवट्यात. म्हणाली, आमची चूल येगळी झालीया. म्हणलं, मग माझ्या चुलीत कशाला बघतीस? शेजारची म्हातारी मठ्ठा पिता पिता ठसकली.

जिकले मीच. पर केसरबाईनं तिथनंच जयदीपला फोन लावला. त्याला काय मी अडवू शकले न्हाई, हात चिकट व्हते.

२४ नोव्हेंबर

जयदीप आला. येताना खोकी घेऊन आला. भांडंल असं वाटलं, तर खाली मान घालून बसला. म्हणाला, आई, तू कुणाच्याबी लग्नात शिरून जेवतीस. तुझ्या जीवाला काय झालंय?

म्हणलं, प्रदर्शन समजून गेले, येवढंच. फोन केसरबाईनं केला, मी न्हाई. शर्तीत केसरबाई नव्हती. नाताळ अजून ऱ्हायलाय.

मग म्हणाला, बरं. खोकी इथंच ठेवून गेला. मी त्यात कांदे भरून टाकले.

१० डिसेंबर

नाशिक झाल्यातच जमा. नागपूरची थंडी बाधती, मुद्दाम कशाला आजार घ्या? आता मुंबई तेवढी.

वर्षाली म्हणाली, नाताळात आमी गावी चाललाव, मावशी, दोन-चार दिवस. म्हणलं, जा की. मला काय, उलट नळ मोकळा मिळंल.

केसरबाईबी भाच्याकडं चाललीया. बरं झालं. भिंतीला जरा इसावा.

२५ डिसेंबर, नाताळ

मुंबई लांब पडती. चिंचवडच्या मॉलमदी गेले. नाताळ सगळीकडं येकाच तारखेला असतो.

मोठं झाड, वर चांदणी. लाल कपड्यातल्या दाढीवाल्यानं हात धरून फोटो काढला. म्हणलं, बाबा, उकडत न्हाई का? दाढी खाली वढून म्हणाला, लई उकडतंय आजी, पर घड्याळाकडं बघत उभं ऱ्हायचं. हिंगोलीचा निघाला. चॉकलेट दिलं.

येताना दोनदा बस बदलली. कुणाला इचारलं न्हाई. निळा ठिपका बरोबर घराकडं सरकत व्हता. गावाच्या फाट्यावर उतरले, चालत आले, दारात उभी ऱ्हायले. शर्त जिकली व्हती. हातात किल्ली व्हती. वर्षालीच्या खोलीला कुलूप. केसरबाईचं घर काळं ठिक्कर. दिवेलागण झालेली.

तिथनं जयदीपला फोन केला. मिस कॉल न्हाई, फोन. म्हणलं, मला न्यायला ये.

त्यानं घाबरून इचारलं, आई, कुठं हायस, मुंबईत? म्हणलं, दारात. कुणाच्या? म्हणलं, आपल्याच.

मग म्हणाला, निघालो.

तो येईस्तवर पायरीवरच बसले. गाडीत त्यानं इचारलं, येवढं समदं जमलं आन घराशी येऊन काय झालं? म्हणलं, गुडघा धरला. कुलूपसुदीक उघडाय वाकता येईना. आता सकाळी डॉक्टरकडं नेणार म्हणतोय. तेजस्विनीनं गुडघ्याला मलम चोळलं. येवढं की फ्लॅटभर वास सुटलाय.

गुडघ्याला कायबी झालेलं न्हाई. आन रोषणाई मला कवाच आवडली न्हाई, डोळे दुखत्यात. मालक गेल्यापासनं दिवेलागणीला त्या घरात एकटीनं शिरायचं मला भ्या वाटतं, म्हणून हिंडत व्हते.