न पोचवलेला परवलीचा शब्द

ड्रिना नदीकाठ,
२२ सप्टेंबर १९१४

प्रिय रेझाताई,

येशूची कृपा तुम्हा सर्वांवर असो. मी धडधाकट आहे. तू पाठवलेलं तिखट सॉसेज पोचलं. आम्ही आठ जणांनी एका बैठकीत फस्त केलं. इकडे आलुबुखार झाडांखाली सडताहेत, वेचायला माणूस नाही. बाबांचा गुडघा कसा आहे?

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. टपालातलं साहेब वाचतात. आपल्या आळीतला अंतुन जखमी होऊन घरी येतोय, त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवून देतोय. वाचताना दार लावून घे.

शिमा कसा गेला, हे तू तीनदा विचारलंस. पलटणीच्या कागदावर 'शत्रूच्या गोळीने' असं लिहिलंय ना? लिहिणाऱ्यानं मला विचारलं होतं. मी 'हो' म्हणून मान हलवली.

बाबा आयुष्यभर मिशीला पीळ देत सांगत आले, की सम्राटाच्या बाकी फौजेला जर्मनमधून हुकूम मिळतात, आमच्या गृहरक्षक दलाला मात्र आपल्या भाषेत. इथे ती भाषाच अंगाशी आली. समोरचे सर्ब आपल्यासारखंच बोलतात. "अरे, आम्ही आपलेच!" म्हणत ते मक्यातून आले आणि पहाऱ्यावरचे चौघे कापून गेले.

म्हणून कॅप्टननं जर्मन परवलीचा शब्द ठरवला. रेगनशिर्म. म्हणजे छत्री. म्हणे सर्बांना जर्मन येत नाही. आम्हाला तरी कुठे येतं! नदीवरच्या गिरणीत शिमाची तुकडी रात्रीच्या पहाऱ्याला होती, सकाळी आमच्याकडे परतायची. हा शब्द तिथे पोचवायचं काम माझ्याकडे, कारण मी नाईक आणि तो माझा मेव्हणा.

मी गेलो. शिमानं आलुबुखाराची दारू काढली. मी म्हणालो, "कॅप्टनला परवलीला जर्मन शब्द हवाय. मी बाबांचा मुलगा, माझ्या तोंडून तो निघायचा नाही."

"नको काढूस," शिमा म्हणाला. "सकाळी शिव्या घालतच येतो. माझ्या शिव्या तरी ओळखशील ना?"

"त्या न ओळखायला काय झालं! लग्नात सगळ्या गावानं ऐकल्यात."

खूप हसलो, ताई.

सकाळी दाट धुकं होतं. मक्यात पाचोळा वाजला. कॅप्टन माझ्या शेजारीच पालथा पडलेला. मी ओरडलो, "परवली?"

"परवली गेली खड्ड्यात! आदाम, गाढवा, थंडीनं मेलो, पाव ठेवलायस की गिळलास सगळा?"

कॅप्टन पुटपुटला, "तेच ते. नावंसुद्धा शिकलेत हरामखोर. तू शब्द पोचवला होतास ना?"

मी म्हणालो, "होय साहेब."

"मग हे आपले नाहीत. दे हुकूम."

ताई, मी आवाज ओळखला होता. पहिल्या शब्दालाच. 'साहेब, मी शब्द सांगितला नाही,' एवढं म्हणायचं होतं. फार तर मला बांधून नेलं असतं. जीभच उचलली नाही. आणि मग तिनंच हुकूम दिला.

तिघे पडले. शिमा आणखी थोडा वेळ होता. मला बघून रागावला नाही, नुसता चकित झाला. म्हणाला, "अरे, मी आहे." तेव्हापासून मी जेवतो, चालतो, पहारा देतो, पण हे सगळं दुसरंच कुणीतरी करतंय असं वाटतं.

कॅप्टन दोन दिवसांनी मारला गेला. आता हे फक्त मला ठाऊक आहे, आणि तुला. पत्र पलटणीकडे पाठवायचं तर पाठव, मी नाकबूल करणार नाही.

तू लिहिलंस, मुलगा झालाय, डोळे शिमाचे आहेत. आणि त्याच्या बापाजवळ शेवटी मी होतो म्हणून नाव आदाम ठेवणार, पाद्रीबुवांना सांगूनही झालंय. ताई, पत्र मिळताच तशीच उठ आणि चर्चमध्ये जा. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव लागलं असेल तर खोडायला लाव.

तुझा भाऊ असं लिहवत नाही,
आदाम