ड्रॅसोडिसची नवी जात

सावदा, २ फेब्रुवारी १९३४
आज संकल्प. जमिनीवर धावणाऱ्या कोळ्यांची ड्रॅसोडिस नावाची प्रजात आहे. जाळं विणत नाहीत, पाचोळ्याखाली लपतात. त्यांच्यात जाती किती, हे कलकत्त्याच्या म्युझियममधल्या साहेबांनाही नक्की ठाऊक नाही. म्हणजे माझ्या नावाची एक तरी शिल्लक असणार. मार्चअखेर दोनशे कोळी त्यांना पाठवायचे.

४ फेब्रुवारी
रुपचंदच्या केळीबागेत नऊ सापडले. तिथला गडी वना म्हणाला, मास्तर, बठ्ठा कोळी सारखाच शेतस. म्हणे सगळे सारखेच! अडाणी.

११ फेब्रुवारी
एक मादी अंड्यांच्या पिशवीला चिकटून बसलेली. काडीने ढोसलं तरी हलेना. पिशवीसकट स्पिरिटमध्ये. बायको कमल बघत होती, तोंड फिरवून चुलीपाशी गेली. बायकांना निरीक्षण जमत नाही.

१९ फेब्रुवारी
अडचण. पुस्तकात कोळ्याला आठ पाय. यांना तोंडाशी आणखी दोन, आखूड. नरांचे तर टोकाला फुगलेले. पळताना मार लागून सुजले असावेत. साहेबांपुढे असा गबाळा माल नको. कमलचा हात सुईच्या कामात बारीक, तिलाच ते जादा पाय कातरायला बसवलं. म्हणाली, असू द्या की, देवाने दिलेत. शास्त्रात देव आणू नये, असं समजावलं.

८ मार्च, दुपार
मेहुणा पितांबर जामनेरहून आला. सासूबाईंना अर्धांगवायू. वाचा गेली, नुसत्या दाराकडे बघत असतात म्हणाला. कमल लुगडी बांधायला लागली. अजून एकशे चाळीस कातरायचे आहेत, याची आठवण दिली. पितांबर म्हणाला, दाजी, कोळी मेलेले आहेत, आई जिवंत आहे. वकिली बोलणं. एकटाच परत गेला.
कमलला वचन दिलं, नव्या जातीला सासूबाईंचं नाव देऊ. (पहिलीला माझं. पुढे एखादी निघाली तर.)

१७ मार्च
कमल उजाडल्यापासून कातरते. डोळ्यांना पाणी येतं. स्पिरिटने येतं.

२१ मार्च
दोनशे बारा पुरे. पार्सल रवाना. कमलला ताबडतोब जायची परवानगी दिली. मी काही निर्दय नाही. ती उंबऱ्यात असतानाच निरोप आला, सासूबाई काल गेल्या. दहाव्याला मात्र वेळेवर पोचेल.

९ मे
कलकत्त्याचं उत्तर. नराची जात त्या दोन फुगलेल्या आखूड अवयवांवरूनच ओळखतात म्हणे. ते नसल्याने एकाही नराची जात सांगता येत नाही. माद्या सगळ्या एकाच, जुन्याच जातीच्या. इतकं सफाईदार कातरकाम कुणी केलं, असं साहेबांनी विचारलंय. कमलचं नाव कळवलं.

१० मे
कमल जामनेरहून येऊन महिना झाला. आज तिने विचारलं, पत्रात काय आहे. सांगितलं. मग म्हणाली, म्हणजे मी तेव्हाच गेले असते तरी चाललं असतं?
प्रश्न शास्त्रीय नव्हता.