प्रांजलच्या डबीत भरलेली पावडर

लिहून ठेवणार: सौ. संयोगिता जयराज बर्गे, वय ४६ वर्षे, धंदा ब्युटी पार्लर, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा.

१. येत्या सतरा तारखेला, सोमवारी, मिरजेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, आठ दिवसांत घरी याल. येईनही. पण छाती उघडायच्या आधी काही गोष्टी कागदावर असलेल्या बऱ्या, म्हणून हे मृत्युपत्र करत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरण तर नको तेवढं शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

२. राहतं घर सासऱ्यांच्या नावचं आहे. त्यात मी कोणाला द्यावं असं माझं काही नाही. बँकेतली ठेव माझे पती जयराज यांना मिळावी. माहेरच्या पाटल्या मुलगा मल्हार याच्या होणाऱ्या बायकोला द्याव्यात. तिला जुनी घडण आवडली नाही तर तिनं खुशाल मोडून दुसरं काही करावं. मल्हारनं मध्ये तोंड घालू नये.

३. जयराज यांच्या आत्या बनुबाई यांना काही द्यायचं नाही असं मी फार दिवस ठरवून होते. त्यांनी माझ्या धाकट्या जावेची गावभर बदनामी केली. पण त्या जे बोलल्या ते त्यांना मीच सांगितलं होतं. म्हणून माझं जांभळं इरकल त्यांना द्यावं. देताना खालचं कलम ५ वाचून दाखवावं.

४. बाजारपेठेमागच्या शॉपिंग सेंटरमधला पहिल्या मजल्यावरचा गाळा माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो, आतल्या खुर्च्या, आरसे, दिवे आणि नखांच्या टेबलासह, माझी जाऊ प्रांजल धैर्यशील बर्गे, हल्ली राहणार कवठे महांकाळ, हिला मिळावा. जयराज आणि मल्हार यांनी हरकत घेऊ नये. कारण पुढे लिहिते.

५. प्रांजल माझ्या धाकट्या दिराची, धैर्यशीलची बायको. लग्नाआधी तिनं सांगलीला नखांचा कोर्स केला होता. धैर्यशील फौजेत, वर्षातून दोनदा घरी यायचा. ही दिवसभर घरात बसून काय करणार, म्हणून मीच तिला पार्लरच्या कोपऱ्यात एक टेबल दिलं. माझं पार्लर तेव्हा अकरा वर्षांचं होतं.

तिचा हात काळ्या अॅक्रिलिक पावडरीवर बसला होता. ब्रश लिक्विडमध्ये बुडवायचा, टोकानं चिमूटभर पावडर उचलायची, त्याचा मण्याएवढा थेंब होतो. तो नखावर ठेवून, घट्ट व्हायच्या आत दाबून त्याची पाकळी करायची. गुलाबी, पांढऱ्या रंगात थोडं इकडचं तिकडं झालं तरी खपतं. काळ्यावर सगळं दिसतं. ती म्हणायची, "ताई, काळ्याला शाना हात लागतो." तिच्या माहेरी मेंढरं होती. घोंगडीला पांढऱ्या लोकरीची किनार असते, तशी बारीक किनार ती काळ्या नखाच्या कडेला ओढायची. आमच्या बायका आधी नाकं मुरडायच्या. नव्या नवरीच्या हाताला काळं कुठं लावतात, असं म्हणायच्या. मग प्रांजलनं संक्रांतीसाठी एक नक्षी काढली. काळं नख, त्यावर पांढरे बारीक उठावाचे दाणे, हलव्यासारखे. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने आणि तसलीच नखं. त्या वर्षापासून पहिल्या संक्रांतीच्या सुना आमच्या जिन्यावर रांग लावू लागल्या.

त्या दारात यायच्या आणि मला विचारायच्या, "प्रांजलताई आहेत का?" माझ्या पार्लरमध्ये, मला. मी हसून आत पाठवायची. ते हसणं खोटं होतं हे मलाही तेव्हा धड कळत नव्हतं.

जानेवारी २०२३ ची संक्रांत. आदल्या दिवशी आठ सुना ठरलेल्या आणि काळी पावडर संपत आलेली. मागवलेलं पार्सल आलं नव्हतं. प्रांजल म्हणाली, "चौघींना नगं म्हणून सांगूया. पुढल्या वर्सी करू." मला नाही म्हणायचं नव्हतं. मी साताऱ्याला गेले आणि एका दुकानातून नाव ना गाव अशी काळी पावडर आणि लिक्विड आणलं. ते तिच्या नेहमीच्या डबीत आणि बाटलीत भरलं आणि तिला सांगितलं, पार्सल आलं.

दुसरी बाई झाल्यावर तिनं मान वर केली. "ताई, आज वास येगळा येतोय का?"

मी म्हटलं, "थंडीनं नाक चोंदलंय तुझं."

सात जणींचं निभावलं. आठवी होती मनुबाई फाळके यांची सून शिवांजली. तिसऱ्या दिवशी तिची बोटं सुजली. नखं काढायला गेलो तर ती अॅसिटोनमध्ये तासभर विरघळेनात. शेवटी दवाखान्यात काढावी लागली. दोन बोटांत पू झाला होता. उजव्या अनामिकेचं नख गेलं ते पुन्हा नीट आलं नाही.

मनुबाई आणि घरची माणसं पार्लरवर आली. "कुणी केलं हे?"

प्रांजल म्हणाली, "मी केलं. पण पावडर माझी न्हेमीचीच हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले असते तरी एक वेळ बरं झालं असतं. मी म्हणाले, "मी हिला सांगत होते, जुनी झालीय पावडर, वापरू नकोस. ऐकते कुठं."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडानं, शुद्धीत. प्रांजलनं माझ्याकडे बघितलं ते रागानं नाही. मी असं कधी बोलले होते का, हे ती आठवत होती.

तिला मनुबाईंच्या सोप्यात नेऊन हात जोडायला लावले. मी शेजारी उभी होते. धैर्यशीलला मीच फोन केला आणि तीच गोष्ट सांगितली. तो तिला म्हणाला, थोडे दिवस माहेरी जा. त्या थोड्या दिवसांना येत्या जानेवारीत तीन वर्षं होतील. जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, माझ्या हातानं काय झालं आसंल वो?" मी म्हटलं, जाऊ दे, होतं असं.

पुढचंही लिहिते. तिची नक्षी मी शिकले. २०२४ ला साताऱ्यात स्पर्धा झाली, तिथे काळ्या नखांवर हलव्याचे दाणे काढून मी पहिला नंबर घेतला. स्टेजवर विचारलं, कल्पना कशी सुचली? मी म्हणाले, सुचली.

६. इथपर्यंत मी दोन तारखेला लिहिलं आणि कच्चा कागद आप्पासो देसाई यांना दाखवला. ते जुने दस्तलेखक, आमच्या गल्लीतले. त्यांनी सगळं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"संयोगिता, ह्ये ती पोरगी कवा वाचणार? तू मेल्यावर?"

"व्हय."

"मग तिला तुला उलट बोलायचं आसलं, तर तिनं कुणाशी बोलायचं?"

मी कागद परत मागितला. ते म्हणाले, "कलमं बरोबर हायती. पर ह्यो कागद पळ काढणाऱ्याचा हाय."

सहा तारखेला जयराज यांना म्हटलं, कवठे महांकाळला चला. विट्याच्या पुढे गाडीतच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, बऱ्याच वेळानं परत आले आणि काही न बोलता गाडी चालू केली. चोवीस वर्षांच्या संसारात ते माझ्यावर ओरडले आहेत, रुसले आहेत. असं कधी झालं नव्हतं.

प्रांजल बेदाण्याच्या शेडवर निवड करते. डोक्याला फडकं बांधून लांब टेबलाशी बायकांच्या ओळीत बसली होती. मला बघून बाहेर आली. आधी माझ्या तब्येतीचं विचारलं. तिची नखं अगदी कातडीपर्यंत कापलेली होती. मी उभ्यानंच सांगितलं. साताऱ्याची पावडर, डबी, बाटली, सगळं.

तिनं पहिलं विचारलं, "वास येगळा व्हता न्हवं?"

"होता."

"मी इचारलं व्हतं तुमास्नी."

"विचारलं होतंस."

ती खाली बसली. "तीन वर्सं मी माझ्याच हाताला नावं ठिवतीय, ताई. च्यात साखर घालताना बी हात थांबतो माझा. काय चुकंल म्हणून." ती रडली नाही. मी रडायला लागले तर म्हणाली, "तुमी रडू नका. मला ऐकू येईना."

मग मी गाळ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तुमी मरायची वाट बघत बसू मी?" आणि उठून उभी राहत, "मी ज्या सोप्यात हात जोडलं, तितं जाऊन सांगा. मी येणार. माझ्या कानानं ऐकायचं हाय मला."

रविवारी, नऊ तारखेला, आम्ही मनुबाईंच्या घरी गेलो. मी सांगितलं. मनुबाई म्हणाल्या, "आन् तवापासनं तू माझ्या सुनंच्या भुवया करतीस, मेंदी काढतीस? तिचा हात हातात घेऊन?"

मी होय म्हटलं.

शिवांजली प्रांजलकडे वळली. "मला वाटायचं, माझा नंबर आठवा, तुम्ही दमून घाईत केलं असेल."

"न्हाई वो," प्रांजल म्हणाली. "तुमच्या हातावर मी लय येळ बसले व्हते. तुमची पयली संक्रांत म्हणून."

मनुबाईंनी चहा केला. मला दिला नाही. बरोबर केलं.

धैर्यशीलला जयराज यांनी फोन लावून दिला. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "वहिनी, मी तिला एकदा बी इचारलं न्हाई, काय झालं म्हणून." त्या दोघांचं पुढे काय व्हावं, हे या कागदानं ठरवायचं नाही. माझं त्यांचं पुष्कळ ठरवून झालं आहे.

७. सबब कलम ४ मध्ये दुरुस्ती करते. गाळ्याचं बक्षीसपत्र आप्पासोंनी तयार केलं आहे. शुक्रवारी त्याची नोंदणी होईल. काही कारणानं ती राहिली तर हे मृत्युपत्र लागू व्हावं. गाळा प्रांजलनं घेतला आहे तो एका अटीवर, आणि ती अट तिची आहे. दारावरच्या पाटीवर तिचं नाव हवं. पाटी करायला टाकली आहे. मी मिरजेहून परत आले तर दुसऱ्या खुर्चीवर भुवया करायला मला बसू द्यायचं की नाही, ते तिच्या मर्जीवर.

८. तिचा आठ नंबरचा ब्रश तीन वर्षं माझ्याकडे होता. तो माझा नसल्यामुळे मृत्युपत्रानं देता येत नाही. परत केला आहे. स्पर्धेचा चषक आयोजकांकडे पाठवला, सोबत नक्षी कोणाची होती ते लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

९. माझे दिवस जयराज यांनी त्यांना योग्य वाटेल तसे करावेत. जेवणाला साधं करावं. पंगतीत किंवा ओट्यावर कोणी असं बोलू नये की प्रांजलनं मोठ्या मनानं थोरल्या जावेला माफ केलं. लोकांना असं बोलायला आवडतं. मनुबाईंच्या दारातून निघताना मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "आत्ता न्हाई, ताई. आन् तुमचं आप्रेशन हाय म्हणून तर मुळीच न्हाई." ते मी मान्य केलं आहे. कोणी विचारलं तर तिनं माफ केलेलं नाही असंच सांगावं. निदान एवढं तरी माझ्या नावानं तिच्याबद्दल खरं सांगितलं जावं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली. प्रांजलला यातून मिळकत मिळते म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही.

ठिकाण: कोरेगाव
तारीख: ११ नोव्हेंबर २०२५

सही
संयोगिता जयराज बर्गे

साक्षीदार

१. आप्पासो ज्ञानू देसाई, निवृत्त दस्तलेखक, कोरेगाव (सही)

२. शिवांजली विक्रम फाळके, गृहिणी, कोरेगाव (सही). कलम ५ मध्ये माझ्याबद्दल लिहिलं आहे ते मी वाचलं. तसंच घडलं होतं.